कान्हेरीचे पाणी : महानगराशेजारील एका उद्यानाचा जलेतिहास

प्रस्तावना

पश्चिम रेल्वेच्या बोरिवली स्थानकावरून पूर्वेकडे निघाले असता थोड्याच अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. तेथून सुमारे सहा किलोमीटर आत, वनराईतून चढत जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटी कान्हेरीची लेणी आहेत. रविवारी व सुटीच्या दिवशी येथे येणारा मुंबईकर प्रामुख्याने शांततेच्या शोधात येतो. पावसाळ्यात ओढ्याचा खळाळ ऐकावा, लेण्यांच्या ओट्यावर बसून दूरवर पसरलेले शहर पाहावे आणि सायंकाळी पुन्हा गर्दीत परतावे, असे या भेटीचे सर्वसाधारण स्वरूप असते. एका बाजूस ठाणे, दुसऱ्या बाजूस मुंबईची उपनगरे आणि मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे अरण्य ही स्थिती जगातील मोठ्या महानगरांच्या संदर्भात अपवादात्मकच म्हणावी लागेल.

या उद्यानाविषयीचे लेखन साधारणतः दोन स्वतंत्र प्रवाहांतून झालेले आहे. पुरातत्त्व व कलेतिहासाच्या अभ्यासकांनी लेण्यांचा विचार केला, तर निसर्ग अभ्यासकांनी बिबट्या, पक्षी आणि वनस्पती यांचा. या दोन्ही प्रवाहांना जोडणारा धागा म्हणजे पाणी होय. या डोंगरावर विहार वसला तो पाण्याची सोय करता आली म्हणून, आणि पुढे अरण्य टिकले तेही मोठ्या अंशी पाण्यासाठीच. प्रस्तुत लेखात कान्हेरी व तिच्या परिसराचा इतिहास पाण्याच्या अंगाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. येथील पाणी प्रत्येक कालखंडात कोणी साठवले, कोणासाठी साठवले आणि त्याची नोंद कोणाच्या नावे झाली, हे तीन प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

१. डोंगर, खडक आणि झरे

साष्टी बेटाच्या मध्यभागी दक्षिणोत्तर पसरलेली ही डोंगररांग ज्वालामुखीजन्य खडकांची आहे. जांभूळमाळ हे तिचे सर्वोच्च ठिकाण सुमारे ४६८ मीटर उंच आहे. या रांगेच्या उतारांवरूनच मुंबई उपनगरातील दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या उगम पावतात. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस जवळजवळ सर्वच्या सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने कोरडे असतात. पावसाळ्यात खडकांच्या भेगांत मुरलेले पाणी पुढे काही काळ झऱ्यांच्या रूपाने झिरपत राहते. त्यावर ओढे वाहतात, डोहांत पाणी टिकते आणि उन्हाळा जवळ येऊ लागला की ते क्रमाने आटते.

म्हणजेच या डोंगरातील पाण्याचा प्रश्न टंचाईचा नसून काळाचा आहे. चार महिन्यांत अतोनात मिळणारे पाणी बारा महिने कसे पुरवावे, या प्रश्नाला येथे निरनिराळ्या काळांत निरनिराळी उत्तरे दिली गेली. बौद्ध भिक्षुसंघाने दिलेले उत्तर त्यांपैकी पहिले व सर्वांत दीर्घकाळ टिकलेले होय.

कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांची खोदाई साधारणतः इ.स.पूर्व पहिल्या शतकापासून सुरू झाली आणि विहाराचे जीवन इ.स.च्या दहाव्या शतकापर्यंत चालू राहिले. प्राकृत शिलालेखांत या स्थळाचे नाव ‘कण्हसेल’ म्हणजे कृष्णशैल असे येते. पुढील काळातील संस्कृत लेखांत ‘कृष्णगिरी’ असा उल्लेख आढळतो. आजचे ‘कान्हेरी’ हे त्याच नावाचे रूप आहे. भिक्षूंनी वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातील तीन महिन्यांसाठी, एका जागी राहावे असा नियम होता. एवढ्यासाठीच निवास असता तर पाण्याची चिंता फारशी पडली नसती. परंतु कान्हेरीचा विस्तार पाहता येथे मोठा संघ वर्षभर राहत होता हे स्पष्ट होते, आणि वर्षभर राहणाऱ्या संघाला डोंगरमाथ्यावर पाणी साठवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

२. पोढी : रचना आणि दान

या साठवणीचे साधन म्हणजे पोढी. शिलालेखांत ‘पाणियपोढि’ असा शब्द येतो. लेण्याच्या अंगणात, बहुधा एका कडेस, खडकात कोनाड्यासारखी जागा कोरून तिच्या तळाशी लहानसे चौकोनी तोंड ठेवलेले असते. प्रत्यक्ष टाके मात्र या तोंडाच्या मागे व खाली खडकाच्या पोटात पसरलेले असते. डोंगराच्या पाठीवर कोरलेल्या बारीक पन्हळींमधून पावसाचे पाणी खाली उतरते व टाक्यात शिरते. तोंड लहान असल्याने पाण्यावर ऊन पडत नाही, पाणी थंड राहते आणि बाष्पीभवन कमी होते. काही टाक्यांत खडकातून झिरपणाऱ्या पाण्याचीही भर पडते. दोन टेकड्यांमधील ओढ्यावर प्राचीन दगडी बंधाऱ्याचे अवशेषही अभ्यासकांनी नोंदविले आहेत. प्रत्येक लेण्यासाठी वेगळे टाके आणि सर्वांसाठी ओढ्यावरील साठा, अशी ही दुहेरी व्यवस्था होती असे यावरून दिसते.

या व्यवस्थेची विशेष बाब अशी की तिचा बराचसा भाग राजाज्ञेने उभा राहिलेला नाही. लेण्यांप्रमाणेच पोढ्याही दान म्हणून खोदविल्या गेल्या आणि दान देणाऱ्याचे नाव, गाव व व्यवसाय खडकावर कोरला गेला. कान्हेरीच्या दात्यांत कल्याण, सोपारा, चेमूल म्हणजे चौल, नाशिक अशा ठिकाणचे लोक आढळतात. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिली. चेमूलच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे कोषाधिकाऱ्याच्या, मुलाने पोढी दिली. कल्याणच्याच एका लोहाराने लेण्यांकडे जाणारी वाट करून दिली. गृहस्थांबरोबर भिक्षू आणि भिक्षुणी यांचीही दाने आहेत. काही दानांबरोबर ‘अखयनीवि’ म्हणजे अक्षय ठेव जोडलेली असे. शेत किंवा दुकान यांच्या उत्पन्नातून भिक्षूंना चीवर व अन्य गरजेच्या वस्तू मिळत राहाव्यात, अशी ही तरतूद होती.

येथे कोरलेला दानलेख हा केवळ धार्मिक पुण्याचा उच्चार नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पाणी पिणाऱ्याला ते कोणामुळे मिळाले हे कळावे, अशी त्याची रचना आहे. सोनार, लोहार, व्यापारी यांची नावे राजांच्या नावांइतकीच ठळकपणे येथे वाचता येतात. बंदर आणि बाजारपेठ यांत मिळवलेल्या संपत्तीचा काही भाग डोंगरावर पाण्याच्या रूपाने परत येत होता आणि त्याचा हिशेब दगडावर उघडपणे मांडला जात होता. महानगर व त्याच्या जलस्रोताचा संबंध असा नोंदीसह राखणारी ही व्यवस्था पुढील काळात या परिसरात पुन्हा दिसत नाही.

३. एका टाक्याचा लेख आणि दोन राजघराणी

कान्हेरीच्या पोढ्यांवरील लेखांपैकी एक लेख दख्खनच्या राजकीय इतिहासात विशेष महत्त्वाचा ठरला आहे. हा लेख त्रुटित असून संस्कृत भाषेत आहे. सतेरक नावाच्या अमात्याने पाण्याचे टाके दान दिल्याची त्यात नोंद आहे. त्याच लेखात वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ती कार्दमक राजवंशातील होती आणि एका महाक्षत्रपाची कन्या होती. या महाक्षत्रपाच्या नावाचे ‘रु’ एवढेच आद्याक्षर शिल्लक आहे. तो रुद्रदामन पहिला होय, असे अभ्यासक सामान्यतः मानतात.

सातवाहन आणि पश्चिम क्षत्रप ही दोन घराणी पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारी मार्ग व बंदरे यांसाठी दीर्घकाळ एकमेकांशी झगडत होती. रुद्रदामनाच्या जुनागढ येथील शिलालेखात त्याने दक्षिणापथपती सातकर्णीचा दोनदा पराभव केला, परंतु निकटच्या नातेसंबंधामुळे त्याचा समूळ नाश केला नाही, असे म्हटले आहे. हा नातेसंबंध कोणता, याचा उलगडा कान्हेरीच्या टाक्यावरील लेखाने होतो. पराभूत सातकर्णी कोणता याविषयी मतभेद असले, तरी दोन घराण्यांत विवाहसंबंध झाला होता याचा हा थेट पुरावा आहे.

योगायोग असा की जुनागढचा लेखही पाण्याचाच आहे. वादळी पावसाने फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बांध रुद्रदामनाने पुन्हा बांधविला, त्या प्रसंगी इ.स. १५० च्या सुमारास तो कोरला गेला. राजाने प्रजेवर विशेष कर न लादता हे काम स्वतःच्या कोषातून केले, असे त्यात आवर्जून सांगितले आहे. एकीकडे सौराष्ट्रातील विशाल तलाव आणि दुसरीकडे साष्टीच्या डोंगरातील एक टाके, या दोहोंच्या आकारात काहीच तुलना नाही. तथापि दोन्ही ठिकाणी पाण्याचे काम करणाऱ्याने ‘खर्च कोणी सोसला’ हे नोंदविणे आवश्यक मानले. राज्यसत्तेची प्रतिष्ठा पाण्याच्या कामावर तोलली जात होती, हे या दोन लेखांवरून एकत्रितपणे दिसून येते.

४. भेट देणाऱ्यांची परंपरा

कान्हेरीला भेट देण्याची प्रथा आजची नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील चैत्यगृहाची खोदाई यज्ञ सातकर्णीच्या कारकीर्दीत, इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, झाली. त्यानंतरच्या शतकांत हा विहार कोकणच्या बाहेरही ख्यातकीर्त झाला. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळात, उत्तर कोकणावर शिलाहारांचा अंमल असताना, अकराव्या लेण्यात कोरलेल्या लेखांत पूजा, दुरुस्ती, चीवर आणि ग्रंथ यांसाठी दिलेल्या द्रम्मांची नोंद आहे. गौड देशाहून म्हणजे बंगालमधून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने येथे निवासाच्या खोल्या करवून शंभर द्रम्मांची ठेव ठेवली. इ.स. ८५३-५४ च्या सुमाराची ही नोंद विहाराच्या ख्यातीचा आवाका दाखविते.

विहाराचे वैभव ओसरल्यावरही पाहुणे येतच राहिले. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या झरथुष्ट्री प्रवाशांनी आपली नावे व दिनांक तेथे कोरून ठेवले. हे दानलेख नव्हेत. धर्माने परक्या असलेल्या लोकांनी एका रम्य व प्राचीन स्थळाला भेट दिल्याची ही नोंद आहे. आधुनिक अर्थाने ज्याला पर्यटन म्हणता येईल, त्याचा हा या डोंगरावरील बहुधा सर्वांत जुना लिखित पुरावा होय.

इ.स. १५३४ च्या वसई तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी कान्हेरीच्या एका भागाचा चर्च म्हणून उपयोग केला. गार्सिया द ओर्टा, जुआंव द कास्त्रु आणि दियोगू द कूतू यांच्या लेखनात या लेण्यांची वर्णने येतात. १६७५ मध्ये इंग्रज वैद्य जॉन फ्रायर आणि १६९५ मध्ये इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी येथे येऊन गेले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी जिंकली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. मराठी अंमलात, १७६० मध्ये, फ्रेंच विद्वान आंकेतिल द्युपेरां याने कान्हेरीला भेट दिली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी ताब्यात घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने हा ताबा कायम झाला.

एकोणिसाव्या शतकात या भेटींचे स्वरूप बदलले. कुतूहलाची जागा उत्खनन व लिप्यंतरण यांनी घेतली. १८३९ मध्ये जेम्स बर्ड याने चैत्यगृहासमोरील स्तूप उघडला. त्यात सापडलेला ताम्रपट त्रैकूटक संवत २४५ चा, म्हणजे इ.स. ४९४-९५ चा आहे आणि त्यात कृष्णगिरीच्या महाविहाराचा उल्लेख आहे. पुढे ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी शिलालेखांच्या प्रती केल्या. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या संशोधनाचा उपयोग १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरला झाला. विसाव्या शतकात डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या शिलालेखांचा समग्र अभ्यास केला व त्यांचा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. पोढ्यांवरील दात्यांची नावे आज वाचता येतात ती या अभ्यासपरंपरेमुळेच.

५. विहार आणि तुळशी : नव्या शहराची तहान

मुंबई बेटाचा पाणीपुरवठा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विहिरी व तलाव यांवर अवलंबून होता. त्यांतील अनेक तलाव धर्मादाय म्हणून बांधलेले होते. कावसजी पटेल तलाव आणि फ्रामजी कावसजी तलाव ही त्याची ठळक उदाहरणे होत. तलाव बुजले, परंतु ‘सी. पी. टँक’ हे नाव शहराच्या बोलण्यात उरले. पाण्याचे काम दात्याच्या नावाने ओळखले जाण्याची प्रथा तोवर काही प्रमाणात जिवंत होती, असे यावरून म्हणता येते.

वाढत्या लोकवस्तीपुढे ही साधने अपुरी पडू लागली. १८५४ मध्ये पाऊस कमी झाल्याने शहरात तीव्र टंचाई निर्माण झाली आणि बाहेरून पाणी आणण्याची वेळ आली. तत्पूर्वीच अभियंता हेन्री कॉनीबिअर यांनी साष्टीतील डोंगरांत धरण बांधून शहराला नळाने पाणी पुरविण्याची योजना सुचविली होती. १८५६ मध्ये विहार तलावाचे काम सुरू झाले व १८६० मध्ये ते पूर्ण झाले. मिठी नदीच्या उगमाकडील खोऱ्यात बांधलेला हा तलाव मुंबईच्या नळ पाणीपुरवठ्याचा आरंभ होय. त्याच्या उत्तरेस तुळशी तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. १८९२ मध्ये तानसा योजना कार्यान्वित झाली आणि शहराची नजर साष्टीपलीकडे, ठाणे जिल्ह्याच्या अंतर्भागाकडे, वळली.

विहार व तुळशी यांनी या परिसरात दोन परस्परविरोधी परिणाम घडविले. पहिला परिणाम संरक्षणाचा होता. पिण्याचे पाणी दूषित होऊ नये म्हणून तलावांचे पाणलोट क्षेत्र वस्ती व शेतीपासून मुक्त ठेवण्याचे धोरण स्वीकारले गेले. भोवतालची साष्टी वेगाने नागरी होत असताना हा भाग अरण्य म्हणून टिकला, त्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. वनाचे रक्षण हा या धोरणाचा मूळ हेतू नव्हता; तो त्याचा अनुषंगिक लाभ होता.

दुसरा परिणाम विस्मरणाचा होता. या खोऱ्यांत आदिवासी व कोळी समाजांची उपजीविका चालत असे. पाणी ज्या जमिनीतून घेतले गेले, त्या जमिनीवर राहणाऱ्यांचा या योजनेत वाटा कोणता, याचा विचार झाला नाही. कान्हेरीच्या पोढीवर सोनाराचे व लोहाराचे नाव आहे. विहार तलावाच्या इतिहासात मात्र अभियंत्याचे नाव येते, धरणाची लांबी-रुंदी येते. पण ज्यांची जमीन गेली त्यांची नावे येत नाहीत. पाण्याच्या नोंदीतील हा बदल केवळ तांत्रिक नाही. प्राचीन लेखात पाणी हे दान होते आणि त्यामुळे देणारा व घेणारा असे दोन्ही पक्ष दिसत. वासाहतिक व्यवस्थेत पाणी हा पुरवठा झाला आणि देणारा पक्ष नजरेआड गेला.

६. राष्ट्रीय उद्यान : कोणासाठी?

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई राष्ट्रीय उद्यान कायदा, १९५० याच्या आधारे या अरण्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. प्रारंभीचे क्षेत्र लहान होते. पुढील दशकांत तलावांच्या पाणलोटाचा भाग व लगतची वने त्यात समाविष्ट होत गेली. बोरिवली राष्ट्रीय उद्यान या नावाने ते परिचित झाले व नंतर त्यास संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असे नाव देण्यात आले. प्रवेशद्वारालगतचा विरंगुळ्याचा भाग ‘कृष्णगिरी उपवन’ म्हणून ओळखला जातो. पाचव्या शतकातील ताम्रपटातले नाव विसाव्या शतकातील उपवनाला मिळाले, ही या स्थळाच्या सलगतेची लक्षणीय खूण आहे.

परंतु उद्यानाच्या सीमा निश्चित होत असतानाच त्या सीमांवर महानगराचा दाब वाढत होता. मुंबईत कामासाठी आलेल्या परंतु घर न परवडणाऱ्या लोकांच्या वस्त्या उद्यानाच्या कडेने वाढल्या. १९९५ मध्ये एका पर्यावरणवादी संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. १९९७ मध्ये न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. पात्र कुटुंबांनी सात हजार रुपये भरावेत व त्यांचे अन्यत्र पुनर्वसन करावे, अशी योजना पुढे आली. त्यानंतर हजारो झोपड्या पाडण्यात आल्या. पुनर्वसन मात्र रेंगाळले. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला सात हजारांची रक्कम उभी करणे सोपे नव्हते, आणि पात्रतेचा पुरावा नसणाऱ्यांना तर तोही मार्ग खुला नव्हता.

पिढ्यान्‌पिढ्या या अरण्यात राहणाऱ्या वारली व अन्य आदिवासींच्या पाड्यांचा प्रश्न याहून वेगळा होता. ते शहरातून अरण्यात आलेले नव्हते. शहर त्यांच्याभोवती वाढले होते. तरीही अतिक्रमणाच्या व्याख्येत त्यांना अनेकदा ओढले गेले. वनहक्क कायदा, २००६ ने त्यांच्या दाव्यांना कायदेशीर आधार दिला. तथापि शहराचे पहिले दोन मोठे तलाव ज्या अरण्यात आहेत, त्याच अरण्यातील पाड्यांना नळाच्या पाण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले, ही वस्तुस्थिती बरेच काही सांगून जाते.

या प्रश्नाची उकल ‘वन की माणूस’ अशा द्वंद्वात शोधणे इतिहासाच्या दृष्टीने अपुरे ठरते. संरक्षणाविना हे अरण्य उरले नसते, हे खरे आहे. त्याच वेळी संरक्षणाची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही, हेही तितकेच खरे आहे. उद्यानात रविवारी येणाऱ्या पाहुण्याला जी शांतता लाभते, ती निसर्गतः शिल्लक राहिलेली नाही. ती धोरणाने, न्यायालयीन आदेशाने आणि काहींच्या विस्थापनाने घडविली गेली आहे.

७. २६ जुलै २००५ आणि त्यानंतर

दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मुंबई व परिसरात शेकडो लोक मृत्युमुखी पडले. या आपत्तीने महानगराला एका विसरलेल्या नदीची आठवण करून दिली. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांचे पाणी घेऊन निघणारी मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या काठावर भराव घालून वस्त्या, कारखाने व कार्यालये उभी राहिली होती. अनेकांच्या लेखी ती केवळ नाला होती. आपत्तीच्या चौकशीसाठी जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली व तिचा अहवाल २००६ मध्ये आला. शहराचा पूर समजून घ्यावयाचा तर नद्यांच्या उगमाकडे पाहावे लागते, हा धडा या घटनेने दिला. हे उगम राष्ट्रीय उद्यानात व त्याच्या कडेच्या टेकड्यांत आहेत.

त्यानंतरच्या घडामोडी याच संदर्भात पाहता येतात. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये लगतच्या आरे परिसरात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली व त्यावरून मोठे जनआंदोलन झाले. २०२१ मध्ये आरेतील ८०० एकरांहून अधिक जमीन राखीव वनासाठी अधिसूचित करण्यात आली. जुलै २०२४ मध्ये ठाणे–बोरिवली जोडबोगद्याच्या कामाची पायाभरणी झाली. हा मार्ग उद्यानाच्या डोंगराखालून जातो. वाहतुकीच्या दृष्टीने त्याची उपयुक्तता मान्य केली, तरी एक प्रश्न उरतो. खडकाच्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यावर येथील ओढे, डोह व पोढ्या अवलंबून आहेत. त्या भेगांखालून बोगदे जात असताना झऱ्यांच्या पातळीची नोंद बोगद्यांपूर्वी व नंतर सातत्याने ठेवली गेली, तरच परिणामांविषयी निश्चित विधान करता येईल. अशी नोंद नसेल, तर पुढील काळातील अभ्यासकाला केवळ तर्कावर विसंबावे लागेल.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कान्हेरीचा विहार आणि आजचे राष्ट्रीय उद्यान यांना जोडणारा सलग दुवा पाणी हा आहे. पोढ्यांमुळे येथे संघ वर्षभर राहू शकला आणि तलावांच्या पाणलोटामुळे येथे अरण्य टिकू शकले.

२) प्राचीन काळी येथील पाण्याच्या कामांत राजपरिवार व अमात्यांबरोबर सोनार, लोहार, कोषाधिकारी, भिक्षू व भिक्षुणी यांचा सहभाग होता आणि त्याची नोंद नावानिशी झाली. कान्हेरीच्या टाक्यावरील एका लेखाने सातवाहन–क्षत्रप संबंधांसारख्या राजकीय प्रश्नावरही प्रकाश टाकला.

३) एकोणिसाव्या शतकात पाणी दानाऐवजी पुरवठ्याच्या स्वरूपात आले. त्यामुळे शहराची सोय झाली, वनही राखले गेले. परंतु ज्यांच्या भूमीतून पाणी गेले ते इतिहासाच्या नोंदीतून वगळले गेले.

४) विहार व तुळशी यांचा मुंबईच्या आजच्या एकूण पाणीपुरवठ्यातील वाटा अत्यल्प आहे. म्हणून या परिसराचे महत्त्व घटले असे मानणे चुकीचे ठरेल. २००५ च्या पुराने दाखविल्याप्रमाणे, पाणी मिळविण्याइतकेच पाणी मुरविणे व सावकाश सोडणे हेही या डोंगराचे कार्य आहे.

५) कान्हेरीच्या सर्व पोढ्यांचे मोजमाप, त्यांतील पाण्याच्या हंगामी पातळीची नोंद आणि पाड्यांवरील वृद्धांकडून झऱ्यांविषयीच्या मौखिक माहितीचे संकलन ही कामे तातडीने हाती घेण्यासारखी आहेत. इतिहास, भूगोल, भूगर्भशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन मुंबई–ठाण्यातील महाविद्यालयांच्या पातळीवर ती करता येतील. त्यासाठी मोठ्या निधीपेक्षा सातत्याची अधिक गरज आहे.

कान्हेरीच्या लेण्यासमोर उभे राहिले असता पोढीच्या काळोख्या तोंडाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दृष्टी चैत्यगृहाच्या स्तंभांकडे व भव्य बुद्धमूर्तींकडे वळते. तथापि या डोंगरावरील मानवी वस्तीचा खरा पाया त्या टाक्यांतच आहे. कल्याणच्या सोनाराने दिलेल्या पाण्याची नोंद सुमारे अठराशे वर्षे टिकून राहिली. आजचे महानगर ज्या डोंगरातून, ज्या खोऱ्यातून आणि ज्या माणसांच्या भूमीतून पाणी घेत आले आहे, त्यांची तितकीच स्पष्ट नोंद ठेवणे हे इतिहास अभ्यासकांचे आणि नागरिकांचेही उत्तरदायित्व आहे.